सकाळी न लागणारा ब्रेक

जयरामची आणि माझी पहिली भेट झाली गडग्यावर. म्हणजे त्याच्या दगडी कुंपणावर माझी मोटार चढली होती, आणि तो चहाची कपबशी घेऊन आपल्या गॅरेजच्या दारात उभा होता.

बासष्ट सालचा डिसेंबर. तळेऱ्याच्या तिठ्यावर धुकं अजून बसून होतं. पहिल्या एस्टीने अप्पांच्या औषधांचं पार्सल यायचं, ते न्यायला मी रोज सकाळी घराकडचा उतार उतरून यायची. अप्पा म्हणजे माझे वडील, गावचे डॉक्टर; त्यांची नजर कमी झाल्यापासून त्यांची जुनी मोटार मीच चालवत होते. बाईमाणूस मोटार चालवतं हे बघायला निम्मं तळेरं उभं राहायचं. त्या दिवशी सगळ्यांचे पैसे वसूल झाले.

"लागलं का कुठे?" त्याने विचारलं. मुंबईच्या कारखान्यात काम शिकून नुकताच परतलेला, डॉक्टरांच्या मुलीशी अगदी पुस्तकी बोलत होता.

"मला नाही. तुमच्या गडग्याला लागलं."

"ब्रेक... दाबला नाहीत का?"

माझं डोकंच फिरलं. दोन्ही पाय रोवून दाबला होता मी! पेडल दगडासारखं घट्ट, आणि गाडी आपली चाललीय. शेवटी गिअर आणि हँडब्रेक ओढून वाचले. पण हे त्याला कशाला सांगायचं? तणतणत गाडी मागे घेतली आणि निघाले.

दुपारी अप्पांना घेऊन पुन्हा त्याच गॅरेजात यावं लागलं, दुसरं होतंच कुठे. जयरामने चारी चाकं उतरवली, ब्रेकच्या तेलाची डबी उघडून बघितली. तेल काठोकाठ. चार वेळा गाडी फिरवून आणली, ब्रेक झकास.

"हात थरथरतत हिचे," अप्पा म्हणाले. "गाडयेक कायएक झालेला नाय."

पुढचे दोन दिवस हाच तमाशा. सकाळी ब्रेक नाही, दुपारी आहे. मी सांगायची आणि सगळे माझ्याकडे दयेने बघायचे. गुरुवारी अप्पांनी जाहीर केलं, गाडी विकायची. नात्यातले दाजी ती विकत घ्यायला तयार होते, रविवारी येऊन घेऊन जाणार. गाडी गेली असती तर गेली असती. पण डॉक्टरांच्या सुगंधाला चालवता येत नव्हती म्हणून गेली, असं म्हणाले असते लोक जन्मभर. त्या विचाराने मला रडूच यायला लागलं.

शुक्रवारी गॅरेजात गेले ती भांडायच्या तयारीनेच. जयरामने माझ्यासमोर स्टूल सरकवलं.

"ब्रेक जाता कधी? वेळ सांगा."

इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. "सकाळी. सूर्य वर यायच्या आधी."

"आणि दुपारी कधीच नाय?"

"नाय." जरा थांबून मी विचारलं, "तुमका... माझा खरा वाटता?"

"पेडल तुमच्या पायाखाली होता, माझ्या नाय. मी कोण खोटा म्हणणारो?" असं म्हणून तो पाने आवरायला लागला. "उद्या सकाळी मीच वर येतंय."

मला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

शनिवारी उजाडायच्या वेळी तो उतार चढून आला, कानाला मफलर, नाक लाल. मी गाडी अंगणातल्या अंगणात हलवली. त्याने पेडल दाबून बघितलं. दगड! माझ्याकडे बघून तो असा हसला, जशी काही मीच परीक्षा पास झाले होते. मग त्याने बॉनेट उघडून डबीचं झाकण काढलं.

आत सगळं पांढरंशुभ्र, गोठलेलं. त्याने बोट घालून वास घेतला.

"ह्यो वास माझ्या वळखीचो..."

"खंयचो?"

त्याने माझ्या वेणीकडे बघितलं, मग घाईघाईने स्वतःच्या चपलांकडे. "खोबरेल आसा ह्या. थंडीन गोठता, नळयेत अडाकता. ऊन लागला, इंजिन तापला, की इतळता. मग दुपारी कोणाक कळतला?"

दारात माझी आई, माई, उभी होती, हातात चुलीजवळ वितळायला ठेवलेली तेलाची बाटली. ती शांतपणे अप्पांना म्हणाली, "दसऱ्याक गाडयेची पूजा केलात, तेव्हा घाण्यावरचा ताजा तेल तुमीच ओतलात. गाडयेकय सण आसा म्हणालात."

"तेल ता तेल," अप्पा पुटपुटले. मग चष्मा पुसून त्यांनी गाडीला लावलेली किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दाजीक सांगतंय, गाडी विकूची नाय. सुगंधाचा बरोबर होता."

तो दिवस सगळा ब्रेक धुण्यात गेला. जुनं तेल काढायचं, फुगलेले रबर बदलायचे, नवं तेल भरून नळीतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात: एक पेडलवर, एक चाकाखाली.

"दाबा."

"दाबलंय."

"धरून ठेवा."

"किती वेळ?"

"मी सांगीपर्यंत."

"आणि तुमी सांगूकच नाय तर?"

चाकाखाली पाना खणकन पडला. मग हळूच आवाज आला, "तर... ऱ्हवा तशीच."

बरं झालं, तो खाली होता. माझं तोंड त्याला दिसलं नाही.

रात्री मात्र मला चैन पडेना. गाडी राहिली, नाव राहिलं. पण आता तो सकाळी वर कशाला येईल?

रविवारी मी उतार उतरले. ब्रेक दाबला. गाडी त्याच्या गडग्याच्या वीतभर अलीकडे उभी राहिली. तो दारात, कपबशी तीच.

"ब्रेक लागलो?"

"लागलो."

"मग हय कित्याक थांबलंस? एस्टी तर थय फुडे आसा."

"लागता म्हणानच थांबलंय. आता खंय थांबायचा ता माझ्या मनावर."

त्याने कपबशी गडग्यावर ठेवली. स्वच्छ हात उगीचच फडक्याला पुसले. "माका तू आवडतंस, सुगंधा. गडग्यावर चढलंस त्या दिवसापासून. अप्पांका... येवन विचारू?"

"अप्पांका मागसून. पयला माका विचार."

त्याने विचारलं. कान लालभडक करून, एस्टीच्या रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी होय म्हटलं. एकदाच म्हटलं, हळूच म्हटलं. आणि त्याने ते लगेच खरं मानलं.