बकरीदच्या चांदाची अठरावी

"घ्या ना… अजान झाली की."

चिकाच्या पडद्याआडून मी हात बाहेर काढला होता. हातात पितळी ताटली, ताटलीत खजूर आणि भिजवलेली डाळ. बाहेर भादव्यातला पाऊस नुसता कोसळत होता आणि आमच्या देवडीत एक परका माणूस उभा होता, शेरवानी निथळत. रोजा सुटायच्या वेळी दारात आलेल्याला उपाशी कसं ठेवायचं? पण हा बाबा हात पुढं करेल तर शपथ!

"रोजा न्हाय का तुमचा?"

"आहे."

"मग?"

"थोडं थांबतो… आमचा सूर्य जरा उशिरा मावळतो."

दिवसभर उपाशी, ओल्या लाकडांचा धूर खाऊन डोळे सुजलेले, आणि वर हे ऐकायचं! मी म्हटलं, "सूर्य काय गल्लोगल्ली निराळा असतो व्हय?"

"सूर्य एकच आहे," तो म्हणाला. आवाजात हसू होतं. "तो गेला, याची खात्री करायला आम्ही जरा वेळ घेतो. मावळल्यावर पूर्वेला चढते ती लाली ओसरली, की मग."

"एवढ्या ढगात लाली शोधताय? शोधा, शोधा. सापडली की सांगा, तवर मी हात असाच धरते."

रागानं बोलले खरी, पण हात मागं घेईना. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता.

"ताटली खाली ठेवा, हात दुखेल."

"दुखू दे."

"आणि तुमचा रोजा? सोडलात?"

अगं बाई! ते माझ्या ध्यानातच नव्हतं. पण दारातला माणूस उपाशी आणि मी आत खजूर चघळत बसू? त्यालाही ते कळलं असावं, कारण तो पडद्याच्या जरा जवळ आला. शेवटी त्यानं खजूर उचलला, तेव्हा त्याचं बोट माझ्या बांगडीला लागलं… का नाही लागलं, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

"बिस्मिल्ला," तो म्हणाला. "आता तुम्ही."

तर हा मीर बाकर अली. हैदराबादचा, नळदुर्गात नवाच बदलून आलेला जनावरांचा डॉक्टर. शिया. आणि मी जैतून, गावच्या काझी मुईनुद्दीन यांची एकुलती एक मुलगी. सुन्नी. चोविशी ओलांडलेली, म्हणजे गावच्या हिशेबानं माझ्या लग्नाचं पाणी केव्हाच वाहून गेलेलं. आई लहानपणीच गेली. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण मराठी मी शेजारच्या रुद्रम्मा मावशीच्या ओट्यावर शिकले, म्हणून ही गोष्ट तिच्याच भाषेत येते. काळ दुसऱ्या मोठ्या लढाईचा होता. घासलेट मिळेना, कापड मिळेना, निजाम सरकारचे हुकूम तेवढे रोज मिळत.

आता अब्बांचं सांगते. अब्बांना ना पानाचा नाद, ना तंबाखूचा. त्यांना एकच नाद, वादाचा. पैगंबरसाहेबांच्या मागं वारस कोण, या एका गोष्टीवर ते दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बोलू शकत. पण गावात सगळे त्यांच्याच मताचे! लग्न लावायच्या निमित्तानं शेतकरी यायचे, अब्बा त्यांनाच बसवून इतिहास सांगायचे, ते बिचारे "व्हय काझीसाब, व्हय काझीसाब" म्हणून पळायचे. वादाला जोडीदार मिळेना. आणि अशात पावसानं एक जिताजागता शिया दारात आणून सोडला! अब्बांचा चेहरा जो खुलला, तसा माझ्या जन्माच्या वेळी तरी खुलला होता का, अल्ला जाणे.

ईद झाली, पाऊस ओसरला, आणि बाकर रोज संध्याकाळी यायला लागला. दोघं बैठकीत समोरासमोर बसायचे. बाकर म्हणायचा, शेवटच्या हजहून परतताना गदीरच्या तळ्याकाठी पैगंबरसाहेबांनी सारा काफिला थांबवला, भर उन्हात हजरत अलींचा हात धरून उंच उचलला. वारस तिथंच ठरला. अब्बा म्हणायचे, ती माया होती मियाँ, ते मानाचं बोलणं होतं, वारसनामा नव्हे. खलिफा नंतर जाणत्या माणसांनी बसून निवडला, आणि हजरत अबू बकरांइतका जवळचा सोबती दुसरा कोण होता? मग कोण काय म्हणालं, कुणी ऐकलं, साक्षीदार कोण… चालूच. आणि पडद्यामागं चहा करायला मी. तेराशे वर्षांचं भांडण, त्याची सगळी भांडी मीच घासायची. मी इतकी थकले होते, की कुणीतरी एकदाचं जिंका आणि मला झोपू द्या, असं वाटायचं.

एकदा अब्बा आतून किताब आणायला उठले. मी पडद्यामागूनच म्हटलं, "तुम्ही दमत न्हाय का हो?"

"लई दमतो." हे 'लई' तो आमच्याकडून शिकला होता, आणि ते त्याच्या तोंडी फार गोड लागायचं. "दिवसभर बैलांच्या लाथा, संध्याकाळी काझीसाहेबांचे मुद्दे. आता तर ते पुढं काय म्हणणार, तेही मला पाठ झालंय."

"मग येता कशाला?"

"वाद संपला, तर यायला निमित्त काय उरेल?"

चुलीवरचा चहा उतू गेला. गेला तर गेला, मेला!

मग ते रोजचंच झालं. अब्बा उठले की आमची दोन-दोन वाक्यं.

"काल तुम्ही हरायला आला होता."

"घाबरलोच होतो. घरी जाऊन नवा मुद्दा शोधला तेव्हा कुठं जीवात जीव आला."

"आणि अब्बा हरले तर?"

"हरू देणार नाही मी त्यांना. माझं नुकसान आहे त्यात."

मला हसू आवरायचं नाही. पदर तोंडात कोंबून मी मागच्या अंगणात जायची, तर भिंतीवरून रुद्रम्मा मावशी हजर. "काय गं पोरी, एकलीच हसायलीस? त्या ढोरांच्या डाक्टरनं तुलाबी काय औषिद पाजलं का काय?"

"काही न्हाय हो मावशी. तो शिया आहे."

"म्या कुठं इचारलं त्यो कोण हाय ते?" मावशीनं डोळे बारीक केले. "चोराच्या मनात चांदणं! आमच्यातबी, अव्वा, उंच कोण आन् हलका कोण ह्यावरनं सोयरिकी मोडत्यात. तू मोडून घिऊ नको. माणूस चांगला हाय, माझ्या म्हशीला हळू हात लावतुया."

बकरीद तोंडावर आली, तेव्हा एकदा बाकरनंच विचारलं, अगदी हळू, "फुफीला बोलावू का?" त्याला लहानपणापासून त्याच्या फुफीनंच, म्हणजे आत्यानंच वाढवलं होतं.

"कशाला?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"वाद मिटवायला."

"मिटेल?"

"नाही… पण एकाच घरात घालता येईल."

बांगड्या तेवढ्या वाजल्या, त्या मी मुद्दाम वाजवल्या होत्या.

बकरीद झाली आणि फुफी हैदराबादच्या मोटारीनं उतरल्या. मिठाई, अत्तर, हिरवी रेशमी ओढणी. मला वाटलं, अब्बा उसळतील. पण अब्बा दाढी कुरवाळत म्हणाले, "मुलाचं मत चुकीचं आहे. माणूस बरोबर आहे. मला कबूल." इतकं सोपं होतं?

नव्हतंच. फुफी आनंदानं म्हणाल्या, "मग तारीख मी ठरवूनच आलेय, काझीसाहेब. याच चांदाची अठरावी! त्याहून मुबारक दिवस नाही."

अब्बांचा हात दाढीवरून खाली आला.

अठरावी म्हणजे बकरीदच्या महिन्याची अठरा तारीख, गदीरचा दिवस, तो हात उचलल्याचा. शियांची मोठी ईद. बिचाऱ्या फुफींनी आपल्याकडचा सगळ्यात गोड दिवस माझ्यासाठी आणला होता. पण आमच्याकडं तीच तारीख तिसऱ्या खलिफांच्या, हजरत उस्मानांच्या शहादतीची. म्हाताऱ्या वयात, आपल्याच घरात, कुरआन वाचत असताना मारले गेले ते. त्या दिवशी आमच्या घरी सकाळपासून कुरआन वाचतात, कुणी मोठ्यानं हसतसुद्धा नाही.

"त्या दिवशी माझ्या दारात सनई?" अब्बांचा आवाज कापत होता.

"आमच्या ईदला तुम्ही दुखवटा म्हणता?"

"आमच्या दुखवट्याला तुम्ही ईद म्हणता!"

"मी नवस बोललेय या दिवसाचा," फुफी उठल्या. "हा दिवस नाही, तर हे लग्न नाही."

बाकर दोघांच्या मधे उभा होता, पण त्याचं ऐकायला कुणाला सवड होती? त्यातच त्याच्या बदलीचा हुकूम आला. आदिलाबाद! मोहरमच्या आत हजर व्हायचं. आणि एकदा मोहरमचा चांद दिसला, की शियांच्या घरात दोन महिन्यांच्या वर लग्नकार्य नाही. तोवर तो त्या टोकाला, मी या टोकाला, आणि मधे रागावलेली दोन म्हातारी माणसं. आत्ता नाही तर कधीच नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला बाकर हवा होता. बस्स, एवढंच. बाकी इतिहासाचं इतिहास बघून घेईल.

संध्याकाळी बैठक रिकामी राहायला लागली. अब्बा भिंतीकडं बघत बसायचे. मी म्हटलं, "अब्बा, सतरावी आहे, एकोणिसावी आहे. चांदाला एकच दिवस असतो का?"

"ते त्या बाईला विचार."

"मी कुणाकुणाला विचारू?" माझा बांध फुटला. "मला कुणी विचारलं? जन्मभर या पडद्यामागं उभी आहे मी. कोण काय म्हणालं, कुणी ऐकलं, सगळं मला तोंडपाठ. पण जैतून काय म्हणते, ते कुणी ऐकलंय कधी या घरात?"

अब्बा भिंतीकडून माझ्याकडं वळले. "काय म्हणतेस?"

"मला त्यांच्याशी लग्न करायचंय."

असं बापाच्या तोंडावर आमच्यात कुणी बोलत नाही. अब्बांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग थकल्या आवाजात म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुमचं बोलणं संपलं असतं, तर सांगितलं असतं!"

अठरावी उजाडली. सकाळपासून घरात कुरआन चालू होता. दुपारी मी पडद्यातून पाहिलं. सगळ्यांच्या मागं, दाराजवळ, बाकर येऊन बसला होता. साधा पांढरा कुडता, मान खाली. अखेरपर्यंत हलला नाही. माणसं उठून गेली, तरी तो बसूनच होता.

अब्बा त्याच्यापुढं बसले. "आज तुमची ईद. नवे कपडे नाहीत?"

"सकाळी घातले होते. इथं यायचं म्हणून बदलले."

"आणि फुफी?"

"रडतायत. म्हणतात, पोरीपायी तू गदीरचा दिवस सोडलास." बाकरनं डोळे चोळले. किती रात्री झोपला नव्हता कोण जाणे. "मी सांगितलं, दिवस सोडलेला नाही. जैतूनलाही सोडणार नाही."

माझं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"मत बदललं?" अब्बांनी विचारलं.

"नाही, काझीसाहेब. ते नाही बदलणार."

"माझंही नाही."

"माहीत आहे."

दोघंही इतके दमलेले दिसत होते, जसं काही ती तेराशे वर्षं त्यांनी पायीच चालून काढली होती.

"उद्या," अब्बा म्हणाले. "निकाहाचा खुतबा मी वाचणार. चारी खलिफांची नावं घेणार. एकही गाळणार नाही."

"घ्या. मी ऐकीन."

"नंतर तुमच्या रिवाजानं कोण वाचणार?"

"सोलापूरहून मौलवीसाहेब आलेत."

"येऊ दे त्यांना." अब्बा गुडघ्यावर हात टेकून उठले. "मी उठून जाणार नाही. मीही ऐकीन."

दुसऱ्या दिवशी फुफी आल्या, डोळे सुजलेले, ओठ मिटलेले. माझी हनुवटी वर केली, बराच वेळ बघितलं. "हिच्यासाठी होय…" असं पुटपुटल्या, आणि मग माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली. आम्ही दोघीही रडलो.

बैठकीत माणसं भरली. अब्बा दोन साक्षीदारांना घेऊन पडद्यापाशी आले. "जैतून, मीर बाकर अलींशी तुझा निकाह लावतोय. कबूल आहे?"

आमच्यात मुलगी बोलत नाही. मान खाली घालायची, एक हुंदका द्यायचा. मग शेजारची बाई "हूं म्हणाली, हूं म्हणाली" असं सांगते. गप्प राहणं हाच होकार. सगळ्या बायका तयारीत बसल्याच होत्या. पण मी म्हटलं, नाही बाई! सगळ्या काफिल्यासमोर भर उन्हात बोललेल्या शब्दांवरून अजून भांडण मिटत नाही, तर माझ्या हुंदक्याचा उद्या कोण काय अर्थ काढील? जे आहे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकावं.

"कबूल आहे!"

केवढ्यानं ओरडले मी! बायकांनी तोंडावर हात घेतले. कुणीतरी म्हणालं, "लाज न्हाय गं पोरीला." आणि भिंतीपलीकडून रुद्रम्मा मावशी ओरडली, "ऐकलं गं माय, आमीबी ऐकलं!"

बैठकीत हशा उसळला. अब्बा साक्षीदारांकडं वळले. "नीट ऐकलंत ना?" त्यांनी विचारलं, आणि तेवढं विचारताना त्यांचा आवाज फुटला.

साक्षीदारांनी माना हलवल्या. मग पलीकडून बाकरचा आवाज आला, थकलेला, हसरा.

"काझीसाहेब… यावर माझा काही वाद नाही."

अब्बा हसत होते आणि रडतही होते, आणि खुतबा सुरू करायला त्यांना बराच वेळ लागला.