तक्रार क्रमांक ४०७१

जिन्याच्या एकूण ब्याऐंशी पायऱ्या.

उजव्या बाहीवर निळ्या शाईचा डाग.

'प्रिंटर अजून कुरकुरतोय. तुम्ही जेवलात का?'

शुक्रवार, संध्याकाळी पाच : जुनी सिस्टिम बंद.

आता हे सगळं एकत्र कसं आलं, ते ऐका.

लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीत कॉम्प्युटरच्या सगळ्या तक्रारी पाचव्या मजल्यावर तिच्याकडे यायच्या. ती त्या इतक्या पटापट निकालात काढायची की ऑफिसात तिचं नावच 'झटपट' पडलं होतं. फक्त एक तक्रार चौदा महिने उघडी होती. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत बसून लिफ्टचे नकाशे काढणाऱ्या एकाची : नकाशांचा मोठा प्रिंटर कुरकुरतो. तिने उपाय लिहायचा, त्याने 'थोडा फरक आहे' म्हणायचं, आणि खाली एक ओळ जास्तीची. कधी खिडकीतल्या कबुतराची खबर, कधी तिच्या आईच्या गुडघ्याची चौकशी. भेट एकदाही नाही. आवाजसुद्धा ठाऊक नाही.

मग नवी सिस्टिम आली. तिच्या विभागाच्या मॅडमनी सांगितलं, जुन्या तक्रारीचा नंबर आणि विषय तेवढा नव्या सिस्टिममध्ये जाईल. खालचं बोलणं पुसलं जाईल. "आणि झटपट, ही एक कशी गं राहिली? शुक्रवारच्या आत बंद कर."

बंद करायला तक्रारदाराचा होकार लागतो. बुधवारी तिने लिहिलं — 'बंद करू का?'

उत्तर नाही. गुरुवारीही नाही... होकार आला, तर लिहायला कारण उरत नव्हतं. नाही आला, तर लिहिलेलं उरत नव्हतं. ते सगळं बोलणं उतरवून घ्यायचं तिला सुचलं होतं. पण एकटीनेच जपलेल्या गप्पांचं करायचं काय?

शुक्रवारी साडेचारला दारात एक माणूस धापा टाकत उभा राहिला. बाहीवर निळा डाग, काखेत कागदाची जाडजूड गुंडाळी.

"लिफ्ट बंद आहे," तो म्हणाला. "लिफ्टच्या कंपनीत."

"तक्रार नोंदवा."

"एक आहे आधीची. चार हजार एकाहत्तर..."

तिच्या हातातलं पेन खाली पडलं. तिने मनात धरला होता त्याहून त्याचा आवाज मऊ होता.

त्याने गुंडाळी सोडली. चौदा महिन्यांचं बोलणं, ओळीखाली ओळ, नकाशाच्या कागदावर छापलेलं. कागद टेबलावरून उतरला, खुर्चीखालून सरपटत मॅडमच्या चपलांपर्यंत गेला. मॅडमनी वाकून दोन ओळी वाचल्या आणि त्यांना एकदम कुठलीतरी मीटिंग आठवली.

"कुठे डाग नाही, रेष तुटलेली नाही," ती छपाई निरखत म्हणाली. "प्रिंटर छान चालतोय की."

त्याचे कान लाल झाले. "आज... आज चालला."

"मग बंद करू?"

"करा. पण शेवटी हातभर कागद कोरा ठेवलाय. पुढचं — समोर बसून बोलूया का? मला तुम्ही आवडता. हे दोनदा टाइप केलं होतं... पाठवलं नाही."

तिने पेन उचललं. कोऱ्या जागेत लिहिलं : 'तक्रारदाराचं म्हणणं मान्य.' तक्रार बंद केली. मग दोघं ब्याऐंशी पायऱ्या उतरले, अगदी सावकाश.

चौदा महिन्यांपूर्वी, तक्रार आली त्याच सकाळी, प्रिंटर नीट झाल्याचं तिने इथूनच, आपल्या कॉम्प्युटरवरून, स्वतः तपासलं होतं.