तिसरा पट्टा

पहाट फुटली तेव्हा भैरवकड्याच्या माचीवर धुके असे दाटले होते, की खाली वेढा घालून बसलेली गनिमाची छावणी दिसेनाशी झाली होती; गडावरच्या अर्धपोटी शिबंदीला तेवढेच सुख.

सटवाजी तांबटाला तेही नव्हते. बुरुजावरच्या तोफेच्या तडकलेल्या नळीवर त्याने तांब्याचे तीन पट्टे आवळले होते. तांबे गार असता ठोकले की कणखर होते आणि लाल तापवले की पुन्हा मऊ पडते, हे त्याच्या आळीतले रांगते पोरही जाणे. पट्टे ठोकून झाल्यावर काल कारभारी त्र्यंबकपंत अत्यंत अदबीने म्हणाले होते, "एकवार तापवून घ्या. तोफ फुटली की गड खाली करावाच लागेल. तुमच्या आजारी कुटुंबाला आम्ही सुखरूप उतरवू." पंतांच्या तोंडी फितुरीसुद्धा वैद्याच्या पुडीसारखी वाटे. सटवाजीने पट्टे तापवले.

इतक्यात बत्ती घेऊन येसाजी गोलंदाज आला. "आज गनीम चढून येणार, सटवाजीदादा. पट्टे धरतील ना? नाहीतर पहिला उडायचा तो मी!"

"थांब. जरा कसर राहिलीय," एवढेच सटवाजी बोलला, उरलेले गिळले, आणि हातोडा घेऊन उघड्या बुरुजावर तोफेवर चढला. त्या ठणठणाटाने गनीम सावध झाला. धुके विरले, गोळ्या दगडांवर आपटू लागल्या.

"अहो, उतरा की! जिवावर उदार झालात काय?"

सटवाजी उतरेना, तेव्हा येसाजी ढाल घेऊन स्वतःच आडवा उभा राहिला. तिसरा पट्टाही कणखर होऊन त्यावरून हातोडा उसळू लागला, तोवर येसाजी ढालीसकट कोसळला होता.

बत्ती सटवाजीने दिली. तोफ टिकली. शिड्या घेऊन चढणारी गनिमाची फळी उधळली आणि दुपारी वेढा उठला.

सदरेवर किल्लेदारांनी मानाचे कडे पुढे केले. पंतांनी सर्वांआधी "वाहवा!" म्हटले.

"नको, सरकार. पट्टे मीच मऊ केले होते. पंतांनी सांगितले, मी ऐकले."

पंत एकाएकी छताचे नक्षीकाम न्याहाळू लागले.

"सकाळीच बोलला असतास, तर येसाजी तोफेपाशी थांबला नसता," किल्लेदार म्हणाले.

"होय, सरकार."

"मग?"

"त्याच्या तोंडावर सांगायची लाज वाटली."

दोघांना बेड्या फर्मावल्या. पंतांनी कैफियत मांडायला मुदत मागितली. सटवाजी म्हणाला, "आधी येसाजीला खांदा देऊ द्या."

किल्लेदारांनी सदरेच्या कडेला उभ्या असलेल्या येसाजीच्या भावाकडे पाहिले. भावाने नकारार्थी मान हलवली.