हजर नसलेली चावी

अकोटहून अकोल्याला जायचं तर माणसानं सकाळीच निघावं, त्या रस्त्याचा काही भरवसा नाही. वकारही त्या दिवशी सकाळीच गाडी घेऊन निघाला होता. काम तसं किरकोळ होतं. गाडीची दुसरी चावी बनवून आणायची. दीड-दोन महिन्यांपासून एकाच चावीवर रेटत आणलं होतं, पण आता बायकोनं हट्टच धरला होता.

हट्टाला कारणही तसंच होतं. मधे एकदा वकार जिनवर गेला तो चावी खिशात घालूनच. जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तो फिटर होता. हंगामाआधीची दुरुस्ती चालू होती आणि त्या ठोकाठोकीत त्याला फोन ऐकू गेला नाही. इकडे घरी अरीबाच्या पोटात अवेळी कळा सुरू झाल्या. अंगणात गाडी उभी, शेजारचा दानियाल ती चालवायला तयार, नव्हती ती फक्त चावी. शेवटी एका भाजीवाल्याचा टेम्पो मिळेपर्यंत तिला तसंच थांबावं लागलं. पोटातलं बाळ वाचलं, पण त्या दिवसाची धडकी वकारच्या मनातून गेली नाही. आता अरीबाचे दिवस भरत आले होते.

अकोल्याचा चावीवाला देवमन बडबड्या माणूस. त्याचे हात चालायचे तशीच जीभही चालायची. नव्या चावीचं पातं कापून झालं, तसा तो म्हणाला, "आता गाडीले चावीची वळख करून द्या लागते. नाईतर इंजिन चालूच होनार नाई. तुमची जुनी चावी द्या इकडं. अन् घरी अजून एखांदी असंन तर ते बी सोबत पायजे होती."

"कावून?"

"गाडी शिकाले बसली का, समोर जे चाव्या हजर असतीन त्याच ध्यानात ठेवते. बाकीच्या इसरून जाते. एखांदी हरपली असंन तर चांगलंच हाय ना, तिच्यानं मंग कोनी दरवाजा उघडू शकत नाई."

वकारनं पुढे केलेला हात मागे घेतला. "राहू दे," तो म्हणाला. "कसं करायचं ते मले सांगून दे. मी घरी करतो."

देवमननं त्याच्याकडे जरा चमकून पाहिलं, पण सांगितलं सगळं. फार अवघड नव्हतंच ते.

वकारची चावी हरवली होती हे खरं, पण कुठे आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ती त्याच्या अम्मीच्या कबरीत होती.

अम्मीला, आयशाबींना, मातीत ठेवायला कबरीत उतरले ते दोघं, मामू गयासुद्दीन आणि वकार. वाकून अम्मीला खाली टेकवताना वकारच्या वरच्या खिशातली चावी निसटली असावी. डोळ्यांत पाणी असलं की माणसाला काय दिसतं? माती टाकून झाली, फातिहा झाला, सगळे पांगले, आणि गाडीपाशी आल्यावर त्यानं खिसा चाचपला. मामू त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एका चावीसाठी कबर उघडतात का बेटा? घरची दुसरी मागवून घे." त्यानं मागवून घेतली.

आणि तेव्हापासून गाडी उघडू लागली.

कबरस्तान गावाच्या त्या टोकाला, नाल्यापलीकडे. तसल्या चावीचं बटण गल्लीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा चालत नाही. तरीही भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, अंगणातली गाडी टक् करून आपोआप उघडायची. वकार पहिल्यांदा धावत बाहेर आला तेव्हा त्याला आत कुणी दिसलं नाही. दरवाजा उघडल्यावर मात्र मागच्या सीटवरून कापराचा वास आला आणि त्याच्या मागोमाग ओल्या मातीचा. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि पाऊस तर त्या वर्षी असा रुसला होता की शिवारात कपाशी लाल पडून वाळत होती. त्या मातीला ओल कुठून आली?

तो घाबरला, खोटं कशाला बोला. पण चार-दोन दिवसांत भीतीची धार गेली. अम्मीला गाडीची भारी हौस होती. अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं असलं की ती निघायच्या कितीतरी आधी जाऊन मागे खिडकीशी बसायची. मांडीवर पिशवी, डोक्यावर पदर. "मी तर बसून राहिली बापा, तुमचं चालू द्या." ती तशीच येऊन बसत असेल, असं वकारला वाटू लागलं. मग टक् असा आवाज आला की तो लगेच उठायचा नाही. बसू द्यायचा तिला घटकाभर. उन्हं कलली की हळूच जाऊन गाडी बंद करायचा.

आणि आता गाडीला शिकवायचं, म्हणजे ती चावी गाडीनं विसरायची. अम्मीला दार बंद व्हायचं, तेही पोराच्या हातानं.

घरी परतल्यावर त्यानं नवी चावी अरीबाच्या हातात दिली. "अजून कामाची नाई," म्हणाला. "उद्या पाहू."

"उद्या कावून? आजच करा."

वकार नुसता उंबऱ्यात बसून राहिला. अरीबा जड पावलांनी आली आणि त्याच्या शेजारी टेकली. "अम्मीसाठी थांबून राहिले ना तुमी?" तिनं हळू विचारलं.

त्यानं मान वर केली.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी कळ सहन होत नव्हती, मी अंगणातच बसून गेली. अन् गाडी उघडली. मी मागं जाऊन आडवी झाली... टेम्पो येईपर्यंत कोणीतरी माझ्या केसातून हात फिरवून राहिलं होतं."

"मग सांगितलं कावून नाई?"

"सांगितलं असतं तर तुमी भिऊन गाडीच इकून टाकली असती."

वकारला हसू आलं. एवढे दिवस दोघंही एकाच माणसाला एकमेकांपासून लपवून जपत होते. पण अरीबा लगेच म्हणाली, "चावी मात्र पाहिजेच. अम्मी दार उघडून देतीन. गाडी कोण चालू करीन?"

मग दोघंही गाडीत जाऊन बसले, तो पुढे स्टिअरिंगपाशी आणि ती बाजूला. देवमननं सांगितल्याप्रमाणे चारही दरवाजे लावले, काचा वर केल्या. आत भट्टी तापल्यासारखं गरम झालं होतं. गल्ली एकदम चिडीचूप होती. जुनी चावी भोकात घालून वकार थांबला.

"अम्मी," तो समोरच्या काचेकडे पाहत म्हणाला, मागे वळायचा धीर त्याला झाला नाही. "रागावू नको. बाळासाठी करून राहिलो."

"अम्मी, या," अरीबा म्हणाली. "हजर राहा."

वकारनं चावी भराभर पुढे-मागे फिरवली. गाडीनं आपली सगळी कुलपं एकदा खाली टाकली, एकदा वर उचलली. शिकायला तयार झाली होती ती. वकारनं जुन्या चावीचं बटण दाबलं. टक्. अरीबानं नव्या चावीचं दाबलं. टक्. दोन्ही चाव्या गाडीनं ओळखल्या. आता भोकातली चावी काढली की झालं.

तो काढेना. अरीबानंही घाई केली नाही. घाम डोळ्यांत उतरत होता. आत कापराचा वास पसरू लागला, आधी अगदी पुसट, मग भरून राहिला, आणि त्याच्या खाली थंडगार ओली माती...

टक्.

वकार डोळे मिटून रडू लागला. आई शाळेच्या फाटकाशी दिसली की पोर रडतं तसा, सुटका झाल्यासारखा रडला. गाडी तिला विसरली नव्हती. आता तिनं वाटेल तेव्हा यावं आणि वाटेल तेवढं बसावं. अरीबा हसत होती, ओढणीनं त्याचं तोंड पुसत होती आणि त्याच ओढणीनं आपलंही.

"आले ना त्या," ती म्हणाली. "काढा आता चावी."

त्यानं हात पुढे केला.

टक्.

दोघांचे हात जागच्या जागी थांबले.

"तुमी दाबलं?" अरीबानं विचारलं.

"नाई... तू?"

तिनं नुसती मूठ उघडून दाखवली. नवी चावी तिच्या तळव्यावर आडवी पडली होती.

"अम्मीनंच दोनदा दाबलं असंन..." वकार म्हणाला. पण बोलता बोलताच त्याला चावीवाल्याचं बोलणं आठवलं. एकदा ओळख झालेल्या चावीला गाडी त्या बैठकीत पुन्हा उत्तर देत नाही, हे देवमननं बजावून सांगितलं होतं.

"मग हे कोण?" अरीबा कुजबुजली. तिचा हात आपसूक पोटावर गेला होता.

वकारनं चावी खसकन ओढून काढली. त्यानं आता काही होणार नव्हतं. गाडीनं त्या चौथ्या चावीलाही हो म्हणून टाकलं होतं.

मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकचं कव्हर कुरकुरलं. खिडकीशी बसलेलं कुणीतरी सावकाश, दुखरे गुडघे सांभाळत मधे सरकलं, आणि खिडकीजवळची जागा शेजारी येणाऱ्याला करून दिली.