थांग गुरुजींचा अंगरखा

सहाव्या महिन्याची सहावी तिथी म्हणजे आमच्याकडे पुस्तकांना ऊन दाखवायचा दिवस. एवढे मोठे लेखक थांग गुरुजी, त्यांच्या घराचं स्मारक झाल्यापासून हे काम माझ्याकडे. ग्रंथ अंगणात चटयांवर मांडायचे, त्यांचा निळा अंगरखा बाह्यांतून बांबू घालून टांगायचा आणि माश्या हाकलत बसायचं. भर दुपारचं काम! त्यात कसलं आलंय भूतबित?

यंदा शूयुनताई आली. गुरुजींची मुलगी, ऐंशीला टेकलेली. ओट्यावर बसली, पण चहाला हात लावला नाही.

"पेइलान, पुढच्या वर्षी काही मी येत नाही गं. खरं सांग... दंडाला लाल पट्टे बांधलेली ती पोरं बाबांना धरायला आली तेव्हा बाबा तांदळाच्या रांजणामागे लपलेत, हे कुणी सांगितलं? आईनंच ना? मी तिच्याशी ती मरेपर्यंत बोलले नाही."

सांगितलं होतं मी. शेजारची नऊ वर्षांची पोर. त्यांनी दरडावून विचारलं, मी रांजणाकडे बोट केलं. गुरुजी पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

"मला काय ठाऊक, ताई? मी एवढीशी होते..."

"बरं," ती म्हणाली आणि काठी टेकत कालव्यावरच्या होडीत जाऊन बसली.

आग लागो माझ्या जिभेला! मेलेल्या बाईच्या माथी पाप तसंच राहू दिलं मी.

आवरायला घेतलं. वारा अजिबात नव्हता. अंगरख्यातून बांबू काढला, बाही उलटी करायला उजवा हात आत घातला. कापराचा वास आला... आणि ऊब. उन्हाची असेल, म्हटलं.

मग माझ्या त्या बोटाभोवती पाच बोटं मिटली. कित्ता गिरवून घेताना पोराचा हात धरतात ना, तशी. मी ओढलं. सुटेना. पुन्हा ओढलं तर पकड आवळली... हाड करकरलं.

कसाबसा डाव्या हातानं ताईला फोन लावला.

"ताई... मी सांगितलं होतं. आईनं नाही. मी..."

पलीकडून नुसता वल्ह्यांचा आवाज येत राहिला. मग ती हमसून हमसून रडली. "आई, आई गं..." म्हणत राहिली. बऱ्याच वेळानं नाक ओढलं आणि अगदी हळू आवाजात, माझ्याशी नव्हेच, बोलली:

"बाबा, सोडा आता तिचा हात. दुखतोय तिला."

हाताचं मी तिला काहीच बोलले नव्हते.