भिंतीपलीकडचं जर्मन

टेंभी नाक्याच्या ऑफिसात शालनकाकू आल्या तेव्हा महेंद्र एकटाच डबा खात होता. खाजगी तपासाचं ते ऑफिस मायाचं, तो तिचा मदतनीस. माया येईपर्यंत काकूंनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

चोरी एका कॅसेटची होती. त्यांचे मिस्टर कुंडलिकसर जर्मन शिकवायचे. मध्ययुगाच्या अखेरच्या जर्मन गोष्टींत परक्या माणसांना कसं रंगवलंय, यावर त्यांनी जन्म घालवला. डोंबिवलीत, कारखान्यांना लागून घर होतं तेव्हा, त्यांनी अशी एक गोष्ट वाचून टेप केली होती. तीत हिंदुस्थानात कुत्र्याच्या तोंडाची माणसं राहायची.

"वाचून झालं की मला अर्थ सांगायचे आणि हसायचे," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, शालन, हे आपलं वर्णन आहे."

बाळकुमच्या टॉवरमध्ये आल्यावर कॅसेट डब्यातून निघालीच नव्हती. सर पुस्तकातूनच मोठ्याने वाचायचे. ते गेल्यावर काकूंना ती लावायचा धीर झाला नाही. त्यांचा आवाज मात्र दुसरा कुठेच नव्हता.

फ्लॅटचं कुलूप शाबूत होतं. काकू बहिणीकडे गेलेल्या, तेव्हाच कॅसेट गेली; एक किल्ली मुलाकडे होती, दुसरी शेजारी.

मुलगा रत्नदीप सरळ म्हणाला की जुनं सामान त्याला भंगारात द्यायचंय, पण आईला विचारूनच. सरांची विद्यार्थिनी दीप्ती हिने अभ्यासासाठी कॅसेट मागितली होती आणि काकूंनी नाही म्हटलं होतं. हे सांगताना ती रडली. महेंद्रचा संशय तिच्यावर बसला.

शेजारचे सहदेव एकटेच राहत. सरांच्या वाचनाबद्दल त्यांनी सोसायटीत दोनदा तक्रार केली होती.

"ती घशातली भाषा, एक अक्षर कळायचं नाही," ते म्हणाले. "वाचणार, भोंगा झाला की थांबणार, परत सुरू. आता शांत आहे, बरं आहे."

खाली आल्यावर महेंद्र म्हणाला, "ज्याला तो आवाज नकोसा होता, तो कॅसेट कशाला नेईल?"

माया काकूंना घेऊन पुन्हा वर गेली, मागोमाग महेंद्र. सहदेवांनी दार उघडलं.

"दीप्तीकडे किल्ली नव्हती," माया म्हणाली. "रत्नदीपला सामान काढायचं असतं, तर त्याने एकच कॅसेट नेली नसती. भोंगा कारखान्याचा. तो डोंबिवलीत व्हायचा. इथे नुसते टॉवर आहेत. सर भोंग्यासाठी थांबलेले फक्त त्या कॅसेटमध्ये ऐकू येतात, काका."

सहदेव आत वळले. टेपरेकॉर्डर घेऊन आले. कॅसेट त्यातच होती.

"पंधरा वर्षं भिंतीतून ऐकलं, वहिनी. बंद झालं आणि घर खायला उठलं. परत ठेवणार होतो. ठेववेना."

काकूंचा चेहरा कठोर झाला होता. "काही कळलं का त्यातलं?"

"नाही."

त्या आत शिरल्या. घरात खुर्ची एकच होती. सहदेवांनी ती त्यांच्यापुढे सरकवली आणि स्वतः खाली फरशीवर बसले. काकूंनी बटण दाबलं. सरांचा आवाज आला तसे त्यांनी डोळे मिटले, आणि पहिल्या वाक्यानंतर टेप थांबवून त्याचा अर्थ मराठीत सांगू लागल्या.

महेंद्रने बाहेरून दार ओढून घेतलं.