एकेचाळिसाव्या मिनिटाला

ही घटना खरी आहे आणि ती भर दिवसा घडली आहे.

तारीख १८ फेब्रुवारी २०२४, रविवार. नाशिकच्या गंगापूर रोडवर एका वाचनालयाचा हॉल आहे, तिथे सकाळी अकराला एका पिक्चरचा खेळ होता. साठ-पासष्ट माणसं हजर होती. त्यातली बरीचशी आजही त्याच भागात राहतात. त्यांना विचारलंत तर ती आधी विषय बदलतील. फारच मागे लागलात तर सांगतील...

खेळ ठेवला होता योगिनी आहेरने.

योगिनी मूळची देवळ्याची. नाशकात एका विमा कंपनीत नोकरी. पण तिचा जीव अडकलेला दुसरीकडेच. ज्या पोरांच्या पिक्चरना थिएटर मिळत नाही, ज्यांची नावं कुणी ऐकलेली नसतात, त्यांचे पिक्चर ती लोकांपर्यंत न्यायची. स्वतःचा प्रोजेक्टर, स्वतःचा पडदा, स्वतःची गाडी. कधी वाचनालय, कधी कॉलेज, कधी एखाद्या गावातलं मंगल कार्यालय. दहा वर्षं हेच चाललं होतं.

"तुम्ही पिक्चर बनवा, माणसं मी आणते," असं ती पोरांना सांगायची. आणि खरंच आणायची.

त्या वर्षी तिच्याकडे सार्थक आला. पिंपळगावचा, सत्तावीस वर्षांचा. इगतपुरीच्या पलीकडे डोंगरात एक वाडी आहे, तिथे तीन पावसाळे राहून त्याने माहितीपट केला होता. नाव 'आवणी'. तिकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. महोत्सवांनी तो नाकारला होता. सार्थक पार खचलेला होता.

योगिनीने पिक्चर पाहिला आणि एका शॉटपाशी ती थांबली.

एकेचाळिसावं मिनिट. अर्धवट उघडं दार. आत अंधारी खोली, आणि खोलीत जमिनीवर बसलेली एक बाई. फुलाबाई. तिच्यापुढे चादरीखाली तिची सतरा वर्षांची लेक, मैना. खाचरात साप चावून गेलेली. बाईने पदर तोंडाशी दाबून धरलेला. डोळे मात्र सरळ कॅमेऱ्याकडे. पापणीही हलत नाही. बाहेर धो धो पाऊस. चार मिनिटं फक्त एवढंच.

"हा शॉट लोक विसरणार नाहीत," योगिनी म्हणाली. पोस्टरवर तिने फुलाबाईचेच डोळे छापले.

त्या रविवारी पिक्चर वेळेवर सुरू झाला. लोक गुंग होऊन बघत होते. योगिनी नेहमीसारखी मागे भिंतीला टेकून उभी होती.

ते अर्धवट उघडं दार पडद्यावर आलं.

आणि पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठले.

मग त्यांच्या शेजारचे. मग दुसरी रांग...

एका मिनिटात सगळा हॉल उभा होता. खुर्च्यांचा आवाज नाही, कुजबुज नाही. खाली मान घालून, शाळेत दरडावलेल्या पोरांसारखी, माणसं रांगेने बाहेर पडली.

योगिनीला वाटलं, आग लागली की काय.

ती धावत बाहेर गेली. मोहिनीताई चपला घालत होत्या. निवृत्त शिक्षिका. दहा वर्षांत त्यांनी एकही खेळ अर्धा सोडला नव्हता.

"काय झालं ताई? आवडला नाही का?"

मोहिनीताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. पट्टा लावत म्हणाल्या, "अगं, ऊठ म्हटल्यावर काय करणार?"

"कोण म्हणालं ऊठ?"

त्या थांबल्या. उजव्या कानावर हात ठेवला.

"माझ्या मागे कोण बाई बसली होती गं?"

त्यांच्या मागची खुर्ची रिकामी होती. योगिनीने स्वतः ती रिकामी पाहिली होती.

सार्थक हॉलमध्ये एकटाच उभा होता. पडद्यावर पाऊस चालूच होता. "लोकांना दम नाही ताई," तो म्हणाला. "चार मिनिटं शांत बसता येत नाही यांना."

योगिनीने मनाची समजूत घातली. होतं असं कधीकधी. एक उठला की दुसरा उठतो.

पुढच्या शुक्रवारी एका कॉलेजात खेळ होता. दुपारी दोनला, ऐंशी पोरं. या वेळी योगिनी घड्याळ बघत बसली.

अडतीस... एकोणचाळीस... चाळीस...

एकेचाळिसाव्या मिनिटाला पोरं उठली. सगळीच्या सगळी.

शेवटच्या रांगेत साई नावाचा एक मुलगा होता. तो दारापाशी कान चोळत उभा राहिला. "मॅडम, जरा रागावूनच सांगितलं हो त्यांनी. साधं सांगितलं असतं तरी गेलो असतो."

"कुणी?"

"माझ्या मागे होत्या त्या."

त्याच्या मागे भिंत होती.

आता योगिनीला स्वस्थ बसवेना. शनिवारी सकाळी तिने खिडक्या उघड्या ठेवून, हेडफोन लावून, तो शॉट घरी एकटीने ऐकला. एकदा, दोनदा, पाच वेळा. नुसता पाऊस. पण सहाव्यांदा ऐकताना तिच्या एक लक्षात आलं. पाऊस फारच एकसारखा होता. चार मिनिटांत पागोळीचा एक थेंबही मागेपुढे होत नव्हता. तो पाऊस दुसरीकडून आणून चिकटवलेला होता.

तिने सार्थकला फोन लावला. "त्या शॉटचा मूळ आवाज पाठव."

"कशाला?"

"पाठव."

"ताई, एडिट माझं आहे. तू माणसं आण, बाकी मला बघू दे."

तो असा कधी बोलला नव्हता. योगिनी शांतपणे म्हणाली, "मग पुढचे खेळ रद्द."

संध्याकाळी फाइल आली.

तिने ऐकली.

पाऊस होता, पण पातळ, लांबचा. माइकच्या अगदी जवळ कुणाचा तरी श्वास. तो सार्थकचा. आणि आतून, पदराआडून, बाईचा घोगरा आवाज...

"नको काढू रं."

थोडा वेळ पाऊस.

"ऊठ तिथनं. जा. बघू दे मला."

पुन्हा पाऊस. पुन्हा तेच. "ऊठ... ऊठ की रं..."

चार मिनिटांत ती बाई अकरा वेळा 'ऊठ' म्हणाली होती. आणि माइकजवळचा श्वास जागचा हलला नव्हता.

योगिनीने हेडफोन काढले. समोर भिंतीवर तिनेच लावलेलं पोस्टर होतं. फुलाबाईचे डोळे. तिने ते उतरवलं, सुरळी केली आणि सुरळी कुठे ठेवायची ते तिला कळेना.

रविवारी ती सार्थकला घेऊन वाडीवर गेली. त्याला जायचं नव्हतं.

वाडीत शिरताच बायकांनी दारं लोटून घेतली. कुणी पाणी विचारलं नाही. फुलाबाईचा नवरा केरू ओट्यावर विळ्याला धार लावत होता. त्याने मान वर केली, सार्थकला पाहिलं आणि पुन्हा धार लावू लागला.

"काका, फुलाबाईंना भेटायचं होतं," योगिनी म्हणाली. "माफी मागायची होती."

"मंग तिलाच मागा."

"त्या कुठे आहेत?"

"गेली. मार्गशीर्षात."

सार्थक खाली बसला. त्याला हे माहीत नव्हतं. चित्रीकरण संपल्यावर तो वाडीकडे फिरकलाच नव्हता.

मग केरू बोलला, योगिनीशीच.

"त्या दिशी पोरीला घरात घटकाभरच ठेवली. पाऊस लय व्हता, उघडीप दिसली की न्यायची व्हती. तेवढीच येळ व्हती हिला, लेकीचं तोंड बघायला. पर हा दारात. हिचं डोळं मंग दाराकडंच. याला ऊठ, जा म्हणण्यातच ती येळ गेली. मरस्तवर बोलायची, मैनाचं तोंड धड बघायचं राह्यलं."

"काका, तो भाग आम्ही काढून टाकतो," योगिनी म्हणाली.

"काढा नायतर ठेवा." केरूने विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. "आता जावा. हितं बसू नका."

परतताना सार्थक गाडीत रडला. त्याच रात्री त्याने तो शॉट काढून टाकला. पिक्चर चार मिनिटांनी कमी झाला.

योगिनीने 'आवणी' तिथेच थांबवायला हवा होता. ती आजही हेच म्हणते. पण विंचूरला खेळ ठरलेला होता. तिथले शेखरभाऊ, मंगल कार्यालयाचे मालक, चार गावांना सांगून बसले होते. आणि सार्थक म्हणाला, "एकदा तरी लोकांना माझा पिक्चर शेवटपर्यंत बघू दे ताई."

१० मार्च, रविवार, दुपारी सव्वातीन. बाहेर कांद्याचे ट्रॅक्टर चाललेले. आत दीडशे माणसं. शेतकरी, व्यापारी, बचत गटातल्या बायका. सखुबाई नावाची एक म्हातारी सगळ्यांत पुढे, खुर्चीवर मांडी घालून.

एकेचाळिसावं मिनिट आलं.

कुणी उठलं नाही.

बेचाळीस. त्रेचाळीस. बाजूच्या दाराशी उभ्या असलेल्या सार्थकने योगिनीकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तो हसला.

पिक्चर संपला. नावं वर सरकत गेली. पडदा पांढरा झाला. योगिनीने दिवे लावले.

कुणी उठलं नाही.

टाळ्या नाहीत. बोलणं नाही. दीडशे माणसं पांढऱ्या पडद्याकडे टक लावून बसलेली.

योगिनीला वाटलं, पिक्चर मनाला लागला असेल. ती थांबली. एक मिनिट... दोन मिनिटं...

मग तिला दिसलं. सगळ्यांचे डोळे हलत होते. एकदमच. डावीकडून उजवीकडे. मग थोडे वर. काहीतरी चालत जात असावं आणि त्याच्यामागे नजर जावी, तसे.

तिने प्रोजेक्टर बंद केला.

डोळे हलतच होते.

ती पुढे गेली, पडद्यासमोर उभी राहिली. "मंडळी, पिक्चर संपला."

"ताई, बाजूला व्हा जरा," बचत गटातली एक बाई हळूच म्हणाली. "दिसत नाय."

"पण संपलाय."

"कुठं संपलाय? चालूच हाय की."

योगिनीने मागे वळून पाहिलं. पांढरं कापड. पंख्याच्या वाऱ्याने किंचित हलणारं. दुसरं काही नाही.

आणि तेवढ्यात सखुबाईने मान वळवली. बाजूच्या दाराकडे. सार्थककडे.

ती एकदा पडद्याकडे बघायची, एकदा त्याच्याकडे. ताडून बघावं तसं.

"ह्योच हाय," ती शेजारणीला म्हणाली.

शेजारीण वळली. मग मागची रांग. मग त्यामागची...

दीडशे माणसं त्याच्याकडे बघू लागली. रागाने बघत नव्हती. बोलत नव्हती. नुसती बघत होती, पापणी न हलवता. मिनिटामागून मिनिट गेलं. सार्थकने चेहऱ्यासमोर हात धरला. मग दुसरा हात धरला. त्याच्या तोंडून बारीक आवाज आला, "नका ना बघू."

कुणी नजर काढली नाही.

तो पाठ फिरवून दारातून बाहेर पळाला. चप्पल तिथेच राहिली.

तो गेला आणि माणसं सैल झाली. खुर्च्या सरकल्या, पोरं ओरडू लागली, लोक चहाकडे वळले. जणू काही झालंच नव्हतं. शेखरभाऊ नारळ आणि शाल घेऊन आले.

"ताई, पिक्चर एक नंबर. फक्त त्या पोराला एवढं जवळून दाखवायला नको होतं. कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. आणि आवाज काहीच नाही, नुसता त्याचा श्वास."

योगिनी म्हणाली, "कोणता पोरगा?"

शेखरभाऊंना वाटलं, ती चेष्टा करतेय.

सार्थकने 'आवणी'ची फाइल आणि हार्ड डिस्क दोन्ही नष्ट केल्या. तो पुण्याला निघून गेला. योगिनीनेही तिच्याजवळची प्रत पुसून टाकली. तेव्हापासून 'आवणी'चा एकही खेळ झालेला नाही.

म्हणजे, तिने तरी केलेला नाही.

कारण मे महिन्यात तिला पहिला फोन आला. निफाडकडच्या एका गावातून. "त्या पोराचा पिक्चर आमच्याकडे कधी लावता?" मग दिंडोरीहून. मग चांदवडहून. दहा वर्षं ती माणसांना हाका मारत फिरली होती. आता माणसं स्वतःहून विचारत होती.

ती सगळ्यांना सांगायची, तो पिक्चर आता नाही.

"असं कसं? आमच्या पाहुण्यांनी परवाच बघितला."

कुठे बघितला, ते कुणालाच नीट सांगता यायचं नाही.

गेल्या महिन्यात सटाण्याकडून फोन होता. दिनेश नावाचा माणूस, शाळेत शिपाई. बोलायला अगदी साधा, मधेच अहिराणी.

"ताई, मंगळवारी बघितला आम्ही. चारशे तरी माणूस होतं. तो पोरगा पुण्याला खोली घेतो, खिडकीला पेपर चिकटवतो, तिथपर्यंत बघितला. मग शाळेची घंटा झाली, निघावं लागलं. पुढं काय होतं त्याचं? शेवट काय शे?"

योगिनीने फोन ठेवला. तिने सार्थकची पुण्यातली खोली कधी पाहिली नव्हती.

तिने त्याला फोन लावला. वर्षभराने. पहिल्याच रिंगला त्याने उचलला, पण बोलला नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता.

"सार्थक, मी योगिनीताई. बरा आहेस ना?"

मग तो अगदी हळू, ओठ न हलवता बोलावं तसा बोलला.

"ताई... आज किती माणसं आलीत?"